आधी राजा कोण ते सांग

इंग्रजीच्या सरांना काहीही सांगायला जा, ते आधी विचारणार, "त्या वेळी राज्य कोणाचं होतं?" जळगावात कॉलेजसमोर माझी चहाची टपरी. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "सर, दूध फाटलं." सरांनी तेच विचारलं. मी घाबरून म्हटलं, "सर, मालक मीच आहे."

सर इंग्रजी साहित्याचा इतिहास शिकवायचे. तास घेण्याआधी तो माझ्यावर घासून बघायचे. म्हणायचे, "तुला कळलं की वर्गाला कळलं." मी चौथी नापास. त्यामुळे सर रोज तासाला उशिरा पोचायचे.

"हे बघ," सर बशीत चहा ओतत सांगायचे, "इंग्रजांनी गोष्टी-गाण्यांचे काळ राजा-राणीच्या नावानं पाडलेत. राजाशी पार्लमेंटचं भांडण लागलं, नाटकघरांना कुलपं बसली. पुढे नवा राजा आला, कुलपं निघाली, आणि नाटकात बायकाही काम करू लागल्या. म्हणजे साहित्य कळायला इतिहास पाहिजे. कळलं?"

"कळलं सर. पण कुलपं होती तोवर नाटक लिहिणारा काय करत होता?"

सर बशी तशीच धरून बसायचे. "हे मात्र बघावं लागेल." आता माझाही गोंधळ, त्यांचाही गोंधळ, आणि चहा थंड.

मला तर खोडच लागली. घरी भाजी खारट झाली, मी विचारलं, "राज्य कोणाचं आहे?" बायको धुळ्याकडची. म्हणाली, "घरमा राज्य कोनं शे, तुमले आजून समजनं नही का?" पाणी ओतून जेवलो.

मग एका वर्षी सरांच्या विषयाला पोरंच मिळेनात. वर्ग भरला नाही तर विषय बंद आणि सरांची शिरपूरला बदली. ॲडमिशनच्या दिवसांत सर माझ्याच बाकड्यावर बसून पोरांच्या बापांना इंग्लंडचे राजे समजावत होते. बोदवडकडे सोयरीक असलेले एक आबा सगळं ऐकून म्हणाले, "मास्तर, यंदा कापूसले भाव भेटी का, हाई सांगतस का तुम्हना राजा?"

मी मदतीला धावलो. "सांगतात ना आबा! सगळं सांगतात!"

सरांनी मला गप्प केलं. "नाही आबा. ते नाही सांगत."

आबा उठले. "हाऊ मास्तर खोटं बोलत नही. पोरगाले यानाकडेच टाकस."

तरी एक पोरगं कमीच पडलं. मी म्हटलं, "सर, माझं नाव टाका."

"अरे, तू चौथी नापास."

"मग काय झालं? इंग्लंडच्या राण्या मला आत्यांसारख्या झाल्यात."

सर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. तो बराच वेळ पुसत राहिले.

शिरपूरच्या एस.टी.त मीच त्यांची ट्रंक चढवली. खिडकीतून सर म्हणाले, "तो नाटक लिहिणारा... अजून नाही सापडला रे." गाडी सुटली. ते पुढे काही म्हणाले, पण हॉर्नमुळे मला ऐकू आलं नाही.

साहित्याचं आणि इतिहासाचं नक्की काय नातं, मला आजही सांगता येणार नाही. पण कोणी विचारतं, टपरी कधीची? साल मला आठवत नाही. मी सांगतो, "सरांच्या काळातली."