स्की की बोर्ड, आणि पुढे कुठला पाय?

किस्से इस्त्रीच्या कपड्यांसारखे असतात. आठवडाभर कोणी एक शर्ट टाकत नाही, आणि रविवारी सकाळी टेबलावर डोंगर! आमच्या वर्तकनगरच्या वसाहतीत जिन्याखाली माझं इस्त्रीचं टेबल. समोर बाकडं. त्या बाकड्यावर बसणारी मंडळी मोजकी, पण गेल्या हिवाळ्यात त्यांनी इतके किस्से करून ठेवलेत की घड्या घालता घालता माझी दमछाक होते. आज जरा निवांत आहे, तर एकेक काढतो.

सुरुवात केली माझ्या नातीनं. श्रेया घोडबंदर रोडला राहते, तिथंच एका ऑफिसात कामाला. एका रविवारी आली ती बाकड्यावर बसूनच म्हणाली, "आजोबा, मी तिकिटं काढतेय. तुम्ही, आजी, सावंतकाका, लेलेकाका. मनालीला, बर्फात! आता फक्त एवढंच सांगा, स्की की स्नोबोर्ड?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग तिनं मोबाईलवर दाखवलं. एका माणसाच्या दोन्ही पायांना दोन लांब पट्ट्या, हातात दोन काठ्या. ती स्की. दुसऱ्याचे दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, हात मोकळे, उभा राहिलेला आडवा. तो बोर्ड.

सावंत आमचा रिटायर्ड बस कंडक्टर. त्यानं मोबाईल लांब धरून नीट बघितलं आणि निकाल दिला.

"सोपं आहे. स्कीमध्ये प्रत्येक पायाला स्वतंत्र सीट. बोर्डमध्ये दोन्ही पाय एकाच सीटवर, म्हणजे संध्याकाळची साडेसहाची बस!"

*

आता आमच्या सुमनचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

सुमन म्हणजे माझी बायको. या सगळ्याच्या दीडेक वर्ष आधी जिन्याच्या वळणावर कोणीतरी लादी धुतलेली, त्यावरून घसरून पडली. मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हात बरा झाला, पण जिना काही सुटला नाही. उतरताना तळहात भिंतीला टेकवून, एकेक पायरी. मी एक पायरी पुढे. चढताना मी एक पायरी मागे. भिंतीवर तिच्या हाताच्या उंचीला एक काळपट पट्टा उमटलेला, खालपासून दुसऱ्या मजल्यापर्यंत.

मध्ये इमारतीला रंग काढला. जिन्यात पाटी लावली, 'रंग ओला आहे, हात लावू नये'. सुमन घराबाहेरच पडेना! भाजी मी आणली, दळण मी आणलं. रंग वाळला तरी म्हणे, "अजून ओलाच वाटतोय."

शेवटी सावंत रंगाऱ्याला जाऊन भिडला. "अरे बाबा, तेवढा वहिनींचा पट्टा सोडून रंगवायचा ना! उभ्या पॅसेंजरला दांडा नको?"

नौपाड्याच्या डॉक्टरांकडे तिला घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी एक्स-रेचा फोटो उजेडात धरला आणि हसले. "बाई, हाड केव्हाच जोडलं गेलंय. आता तुम्ही जोडल्या जा!"

बर्फाचं विचारलं तर म्हणाले, "जा की. मनगटाला पट्टा बांधा आणि जा."

रिक्षा वर्तकनगरला आली तेव्हा सुमन एवढंच म्हणाली, "मी येईन. पण मी खुर्चीवर बसून चहा पिणार."

*

मग बाकड्यावर दोन पार्ट्या पडल्या.

लेलेसाहेब मूळचे नौपाड्याचे, बँकेत होते. कुठलीही गोष्ट अभ्यास केल्याशिवाय करत नाहीत. त्यांनी चार दिवस मोबाईलवर वाचन केलं आणि पाचव्या दिवशी चष्मा पुसत मांडणी केली.

"हे पाहा. स्की पहिल्या दिवशी सोपी, पण पुढे पारंगत व्हायला अवघड. बोर्डचं उलट. पहिले दोन-तीन दिवस नुसतं आपटायचं, आणि मग एकदम जमायला लागतं."

सावंत म्हणाला, "म्हणजे स्कीवाल्याला गोड आधी आणि बोर्डवाल्याला गोड शेवटी. लेले, तुम्ही ताटात गोड आधी खाता की शेवटी?"

लेलेसाहेब गंभीर झाले. म्हणाले, "मला डायबेटिस आहे."

तरी त्यांनी स्कीच घेतली. सावंतनं पण स्की. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "मी सुमनच्या खुर्चीशेजारी." वरच्या खिडकीतून सुमनचा आवाज आला, "मला शेजारी कोणी नकोय!"

आमच्या बाकड्यावरचं सगळं बोलणं त्या खिडकीत ऐकू जातं. हे मी विसरतो नेहमी.

*

सराव हवा, हे लेलेसाहेबांचंच म्हणणं. पण ठाण्यात बर्फ कुठला?

आमच्या गेटजवळ गाड्या उतरायला उतार आहे. तिथं कोपऱ्यात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं भलंमोठं फ्लेक्स गुंडाळून टाकलेलं होतं. सावंतनं ते उतारावर पसरलं. मी कपड्यांचा साबण कालवून ओतला. एक जुनी फळी आणली. आणि लेलेसाहेबांना तिच्यावर उभं केलं.

लेलेसाहेब म्हणाले, "आधी पाय थोडे वाकव..."

पुढचं वाक्य त्यांनी खाली स्कूटरजवळ पूर्ण केलं!

तेवढ्यात पुढाऱ्याचा एक कार्यकर्ता गेटातून आत. गोरापान, गळ्यात सोन्याची चेन. फ्लेक्स बघून त्याचा चेहराच उतरला. "ओ काका! साहेबांच्या तोंडावर साबण?"

मी घाबरलो. सावंत जागचा हलला नाही. "अरे, वाढदिवस ना साहेबांचा? मग आंघोळ नको घालायला?"

तो बराच वेळ आमच्याकडे बघत राहिला. मग फ्लेक्सकडे. मग फळीकडे. मग हळूच म्हणाला, "काका, एक राऊंड मी मारू?"

त्यानं चार मारले. चौथ्याला पडता पडता वरून आवाज आला, "अरे, गुडघे वाकव! आणि पायाकडे नको बघू, पुढे बघ!"

सुमन खिडकीत उभी होती. दोन्ही हातांनी गज धरून, पण अर्धी बाहेर वाकलेली. इतक्या मोठ्यानं बोलताना मी तिला दीड वर्षात ऐकलेलं नव्हतं.

*

एक किस्सा सांगायला मला अजून जरा जड जातं, पण तो वगळला तर शेवट कळायचा नाही.

श्रेयानं सांगितलं की बोर्ड घ्यायचा असेल तर पुढे कुठला पाय ठेवायचा ते आधी माहीत पाहिजे. कोणाचा डावा असतो, कोणाचा उजवा. ओळखायचं कसं? "डोळे मिटून सरळ उभं राहायचं. मागून कोणीतरी हळूच ढकलायचं. तोल सावरायला जो पाय आपोआप पुढे येतो, तो तुमचा पुढचा पाय."

झालं! सगळ्या वसाहतीत ढकलाढकली सुरू. लेलेसाहेबांना सावंतनं ढकललं, त्यांचा उजवा आला. सावंतला लेलेसाहेबांनी ढकललं, तर तो जागचा हललाच नाही. म्हणे, "इतकी वर्षं धावत्या गाडीत उभा राहून तिकिटं फाडलीत. तुम्ही काय ढकलणार, ड्रायव्हरांनी ब्रेक मारून बघितलेत!"

हसता हसता श्रेया म्हणाली, "आजी, आता तू!"

सुमन त्या दिवशी खाली आलेली, भाजीची पिशवी घेऊन. ती चटकन मागे सरली आणि पाठ भिंतीला लावली. "मला कोणी मागून हात लावायचा नाही."

सावंतनं उगाचच एक शर्ट उचलून घडी उलगडली. मी पिशवी घेतली आणि आम्ही वर गेलो. मी एक पायरी मागे.

रात्री जेवताना तिनं विचारलं, "तुमचा कुठला आला?"

"डावा."

"हं," म्हणाली, आणि भात वाढला.

*

मनालीच्या वर बर्फ बघितलं तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं असेल? एवढी पांढरी चादर, आणि एक सुरकुती नाही! वसाहतीतली माणसं डोंगरात गेली की असंच होतं बहुतेक, आपापलंच सुचतं.

लेलेसाहेब डोंबिवलीच्या बहिणीकडून सगळ्यांसाठी माकडटोप्या घेऊन आलेले. श्रेयासकट आम्ही पाचही जण एका रंगाचे. शिकवणारा मुलगा तिथलाच पहाडी, त्यानं आम्हाला बघून हात जोडले. मला वाटलं नमस्कार केला. आता वाटतं, प्रार्थना केली असावी.

स्कीचे बूट भलते कडक. लेलेसाहेब त्यात नवी नवरी उंबरठा ओलांडते तसे चालत होते. मुलानं सांगितलं, "थांबायचं असेल तर पुढची टोकं जवळ आणा, मागची फाकवा." लेलेसाहेबांनी तोंडपाठ केलं, दोनदा म्हणून दाखवलं आणि खरंच थांबले. थांबले ते थांबलेच! अर्धा तास एकाच जागी. लोक त्यांच्याशेजारी उभे राहून फोटो काढून गेले.

सावंत निघाला तो थेट. टोकं जवळ येईनात, काठ्या हवेत, समोर चहावाल्याची रिकामी बाकं. सावंत ओरडला, "ब्रेक फेल! सगळे उतरून घ्या!" आणि बाकासकट बर्फाच्या ढिगात. आम्ही धावतो आहोत, तर ढिगातून आवाज, "शेवटचा स्टॉप!"

सुमन खुर्चीवर होती. चहा तसाच गार. पण ती सावंतकडे बघतच नव्हती. पलीकडे बोर्ड शिकणाऱ्यांची रांग होती, तिकडे तिची नजर. सकाळपासून.

"अहो," ती म्हणाली, "ते बघा. तो त्यांना पहिल्यांदा काय शिकवतोय?"

मी बघितलं. तो सगळ्यांना पाडत होता. कसं पडायचं, हात कुठे घ्यायचे, मूठ कशी आवळायची, परत कसं उठायचं. पडायचं, उठायचं. पडायचं, उठायचं. मोठमोठी माणसं पडत होती आणि हसत होती.

मी म्हणालो, "चहा दुसरा सांगू का?"

ती म्हणाली, "नको."

*

आता हा शेवटचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सामान भाड्यानं देणाऱ्या दुकानात. लाकडी दुकान, बाहेर उतरायला तीन-चार पायऱ्या, त्यांवर बर्फ जमलेलं. लेलेसाहेब परत स्की मागत होते. सुमन पुढे झाली आणि दुकानदाराला म्हणाली, "बोर्ड."

आम्ही सगळे वळलो. श्रेया म्हणाली, "आजी, अगं स्की घे ना. काठ्या असतात, आधार असतो. पाय सुटे असतात."

"आधार घेऊन दीड वर्षं चालले गं," सुमन म्हणाली. "न पडायचं मला येतं. पडायचं शिकायचंय."

दुकानदारानं तिच्या मापाचे बूट काढले, मनगटाचे पट्टे काढले. बोर्डाचे पट्टे आवळायला स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि सहज विचारलं, "माताजी, आगे कौनसा पैर?"

सावंतनं टोपी काढली.

सुमननं पिशवी श्रेयाकडे दिली. दुकानाच्या मधोमध उभी राहिली, भिंतीपासून लांब. माझ्याकडे पाठ केली. डोळे मिटले.

"ढकला."

मी एक बोट लावलं.

"अहो, मी काय गरम इस्त्री आहे? नीट ढकला!"

सावंतनं हातातल्या काठ्या एकमेकींवर आपटल्या. टिंग, टिंग. डबल बेल.

मी दोन्ही तळहात तिच्या पाठीला लावले आणि ढकललं.

तिनं डोळे उघडले. खाली बघितलं. मग दुकानदाराकडे.

"उजवा," ती म्हणाली. "आवळा पट्टे, भैया."

त्यानं आवळले. तिनं बोर्ड उचलून दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि दाराकडे निघाली. पायऱ्यांवरचं बर्फ चकाकत होतं. मी सवयीनं पुढे झालो आणि तिच्या आधी एक पायरी खाली उतरून उभा राहिलो.

"बाजूला व्हा," सुमन म्हणाली, "बोर्ड लागेल तुम्हाला!"