सावडीचं कार्ड

"सर, पुढच्या डावात फेडील ना समोरचा. पळून कुठं जातोय?" गीता म्हणाली.

"पुढच्या डावात समोर दुसराच माणूस असेल, गं," मी म्हणालो.

आमचं ऑफिस कर्जतला. आम्ही ट्रेडिंग कार्ड गेम काढतो. म्हणजे मुलं कार्डांची पाकिटं विकत घेतात, आपसात अदलाबदल करतात, आपापला गठ्ठा बांधतात आणि स्पर्धेत खेळतात. मी रूल्स एडिटर. डिझायनर भन्नाट कल्पना आणतो आणि ती नियमात बसत नाही हे मी त्याला सांगतो. या कामात कोणी लाडका होत नाही.

गीता आमची नवी डिझायनर, कुंभिवलीची, घरची भातशेती. हे तिचं पहिलंच कार्ड. चित्रही तिचंच, भातलावणीच्या रांगेत तिची आई आणि शेजारणी. आईला सांगून ठेवलेलं, त्यामुळे अख्ख्या आळीला माहीत. कार्डाचं नाव 'सावड'. आज आम्ही तुमच्या लावणीला, उद्या तुम्ही आमच्या, मजुरीचा विषय नाही. कार्डावर मजकूर असा: तुमची माणसं समोरच्याच्या शेतात पाठवा, पुढच्या डावात त्याने आपली माणसं तुमच्याकडे पाठवावीत.

आणि नियम असा की एका डावातलं काहीही पुढच्या डावात नेता येत नाही. नाहीतर स्पर्धेत कोणाचं कोणाकडे काय राहिलंय, हे पंचांनी कुठवर लक्षात ठेवायचं?

"मग याच डावात फेड ठेवू," मी सुचवलं. आमचे बॉस हेमंत सर आणि गीता खेळायला बसले. गीताने माणसं पाठवली. सरांचं शेत आधी भरलं म्हणून ते जिंकले, डाव संपला.

"आणि माझी माणसं?" गीताने विचारलं.

"जिंकल्यावर कशाला फेडू? नियमात बसतं का, विचार यांना," सर कार्डं गोळा करत म्हणाले.

बसत होतं. मला सरांचा रागच आला, पण बसत होतं.

"असं कार्ड कोणी खेळणार नाही," सर मला म्हणाले. "समोरच्याकडून धान्य आधी घ्यायचं, मगच माणसं जातील, असं करा. संध्याकाळी फाइल प्रेसला जाते. जमत नसेल तर कार्ड गाळा."

मी मजकूर बदलला. आता त्यात कुठे फट नव्हती. गीताने तो दोनदा वाचला.

"हे सावड नाय, सर. हे रोजानं जाणं झालं."

"मग नाव 'रोजंदारी' ठेवू. चित्राखाली तुझं नाव येईलच."

"मंग माझं चित्र नका घेऊ. रोजानं जाण्यात वाईट काय नाय. पण माझी आई सावडीनं जाते. तिला हे काय म्हणून दाखवू?"

मी पुष्कळ समजावलं. पहिलं कार्ड आहे, हट्ट करू नकोस, म्हटलं. तिने ऐकलं नाही. चित्र दुसऱ्याकडून घेतलं, तिचं नावही निघालं.

'रोजंदारी' चांगलं चालतं. एकाही पंचाने त्यावर शंका काढलेली नाही. नव्या डिझायनरला मी आता एवढंच सांगतो: कल्पना कसलीही आण, मी ती नियमात बसवून देतो. बसल्यावर ती घरी दाखवता येईल का, हे तुझं तू बघ.