बुचावरचं मेण

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. आईजवळ नाही, बाबांजवळ तर नाहीच. मी मुळात कमी बोलते, त्यामुळे कुणाला संशयही आला नसेल. गप्प मुलीच्या पोटात काही दडलेलं असेल, असं कुणाला वाटतं? लोकांना वाटतं, हिच्याकडे सांगण्यासारखं काही नसेलच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि कदाचित — पण ते राहू द्या.

आधी आमच्या मागच्या न्हाणीबद्दल सांगते. परभणीतल्या आमच्या भाड्याच्या घरामागे एक वापरात नसलेली न्हाणी होती, नळ कधीचा कोरडा पडलेला. बाबा हायस्कूलात विज्ञान शिकवायचे. रद्दीतल्या एका इंग्रजी मासिकात त्यांनी घरी फळांची वाइन कशी करतात ते वाचलं आणि ते त्यांच्या डोक्यातून जाईना. पिण्याची आवड म्हणावी, तर घरात कुणी सुपारीसुद्धा खात नव्हतं. वर्गात फळ्यावर किण्वनाचं समीकरण वीस वर्षं लिहिलेल्या माणसाला ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं, एवढंच. मासिकातली उपकरणं विलायती. आमच्याकडे एक पगार, त्यात घरभाडं आणि माझी इंग्रजी शाळा. मग काय करायचं? मिळेल त्यातून जमवायचं.

जमवायला दोन वर्षं लागली. ती दोन वर्षं आमच्या घरातली सगळ्यात आनंदाची होती, असं मला अजून वाटतं.

सुरुवात सरकारी दवाखान्यात झाली. बाबांना कावीळ झाली होती, सलाइन लावलं होतं. पडल्या पडल्या ते नळीतला एकेक थेंब बघत बसले आणि तिथल्या कंपाउंडरला म्हणाले, ही नळी उलटी वापरली तर? बुधल्यातली हवा बाहेर जाईल, बाहेरची आत येणार नाही. कंपाउंडरनं आधी त्यांना ताप किती आहे ते पाहिलं म्हणे. ते साळवेकाका. बाबांना घरी सोडलं त्याच्या पुढच्या रविवारी ते पिशवीभर टाकाऊ नळ्या आणि रबरी बुचांच्या काचेच्या बाटल्या घेऊन आमच्या दारात उभे. सगळं तीनदा उकळलेलं होतं.

मग एकेक वस्तू येत गेली. मोठा काचेचा बुधला बॅटरीच्या दुकानातून आला. त्यात ॲसिड असायचं, म्हणून दोघांनी तो आठ दिवस खायच्या सोड्यानं धुतला आणि दुकानदारानं विचारलंच तर काय सांगायचं, यावर त्याहून जास्त दिवस चर्चा केली. रस दाबायला ट्रकचा जुना जॅक हवा होता. तो बाबांना देवगाव फाट्यावर एका भंगारवाल्याकडे मिळाला, आणि एसटीत तो मांडीवर घेऊन बसल्यामुळे त्यांच्या पांढऱ्या पँटवर ग्रीसचा जो डाग पडला तो शेवटपर्यंत गेला नाही. गोडी मोजायचं यंत्र त्यांनी स्वतःच केलं — परीक्षानळीत शिशाचे छर्रे, वर कागदाची पट्टी, तिच्यावर शाईच्या खुणा. साखरेच्या पाकात ते सोडलं की किती बुडतं ते बघायचं. यीस्ट बेकरीतून. गाळायला आईचं जुनं मलमलचं पातळ. परभणीचा उन्हाळा तुम्हाला माहीत असेल, म्हणून बुधल्याभोवती ओलं पोतं.

शेजारी विचारायचे. बाबा सांगायचे, जांभळाचा सिरका करायलोय, शुगरला चांगला असतो. साळवेकाका गंभीर चेहऱ्यानं मान डोलवायचे. दवाखान्यातला माणूसच मान डोलावतो म्हटल्यावर कोण काय बोलणार?

आणि माझं काम वहीचं. वाइन आंबायला लागली की नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं असतं, आणि त्यातून बुडबुडे येतात. रोज शाळेतून आलं की बाबांचं घड्याळ समोर ठेवून एका मिनिटात किती येतात ते मोजायचं आणि वहीत लिहायचं, इंग्रजीत. बाबांना माझं इंग्रजी अक्षर फार आवडायचं. कुणी आलं की ते ती वही दाखवायचे. साळवेकाका मला मॅडम म्हणायचे. "काय मॅडम, आज किती?" मी आकडा सांगायची. माझं दिवसभरातलं मोठ्यानं बोलणं कधी कधी तेवढंच असायचं.

मी बघायची मात्र सगळं. साळवेकाकांची कपबशी न्हाणीच्या कोनाड्यात वेगळी पालथी असायची. ती तिथे का, हे बाबांनी आईला कधी विचारलं नाही. बाबा शाळेत विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूनं उघड बोलायचे, त्यापायी दोन जुने मित्र त्यांच्याशी बोलेनासे झाले होते. साळवेकाका राणीसावरगावच्या बाजूचे. नामांतराच्या दंगलीत त्यांच्या वस्तीत जाळपोळ झाली, तेव्हा ते आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन परभणीला आले. हे त्यांनी बाबांना एकदाच, जॅकचा दांडा फिरवता फिरवता सांगितलं होतं. बाबांनी ऐकून घेतलं, आणि आईनं चहा त्याच कपात दिला. मी दोन्ही पाहिलं. पाहण्यापलीकडे मी काय केलं? काही नाही. पण माझी चूक ती नाही. ती याच्यापुढची.

मी तेरा वर्षांची होते. जांभळं येऊन गेली होती, बुधला गळ्यापर्यंत भरलेला होता — शाईसारखा गडद, आणि न्हाणीचं दार उघडलं की असा वास, जणू झाडाखाली कुणी झोपलंय. बुडबुड्यांचा जोर ओसरला आणि बाबांना शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी तीन आठवडे औरंगाबादला जावं लागलं. जाताना साळवेकाकांना म्हणाले, रविवारी या, बाटलीतलं पाणी बदला आणि बुचाभोवती मेण लावून टाका, म्हणजे हवा आत जायची भीती नको. तसे ते आले. आई देवळात होती. मी किल्ली दिली. त्यांनी हात साबणानं कोपरापर्यंत धुतले, ऑपरेशनला निघाल्यासारखे. मेणबत्ती वाकडी धरून थेंब थेंब मेण सोडलं, बोटानं गोल फिरवलं आणि मला म्हणाले, "आता सर आल्याबिगर हे कुणी उघडायचं न्हाई, मॅडम." मी मान हलवली.

आमच्या वर्गात तेव्हा अनुजा नावाची मुलगी आली होती. बदलीवर आलेल्या इंजिनियरची, पुण्याहून. ती मधल्या सुट्टीत सगळ्यांशी बोलायची, फक्त माझ्याशी नाही. आणि एक दिवस — का, कसं, मला नेमकं आठवत नाही — मी तिला सांगून टाकलं की आमच्या घरी वाइन आहे. तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, थापा. मी म्हटलं, ये आणि बघ.

ती आली. नुसतं बघून तिचं समाधान होईना. तुम्ही म्हणाल, नाही म्हणायचं. नाही म्हणायला काय लागतं? मला ते तेव्हाही येत नव्हतं. मी केसातली पिन काढली आणि साळवेकाकांचं मेण खरवडलं. बूच ओढून काढलं. स्टीलच्या फुलपात्रात तिला ओतून दिलं, थोडं स्वतः घेतलं. तिनं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि फुलपात्र तिथेच ठेवलं. मागच्या दारी आईच्या बांगड्या वाजल्या. मी बूच कसंबसं दाबलं. नंतर देवघरातली मेणबत्ती आणून वर चार थेंब टाकले. अनुजा दुसऱ्या दिवशीही मधल्या सुट्टीत माझ्याशी बोलली नाही.

चार दिवसांनी पाहिलं तर नळीचं टोक पाण्याबाहेर लोंबत होतं. बुचाभोवती बारीक चिलटं. मी नळी पाण्यात घातली, घड्याळ समोर ठेवलं. एक मिनिट. दोन मिनिटं. एकही बुडबुडा आला नाही.

तेव्हा काकांना सांगायला हवं होतं. दवाखाना दहा मिनिटांवर होता. कदाचित काही वाचलं असतं. मी वही उघडली आणि लिहिलं — सहा. दुसऱ्या दिवशी पाच. मग पुन्हा सहा, मग चार. उतार खरा वाटेल असा. मला आकडे छान जमले. रविवारी साळवेकाका आले, पण आई घरात आणि बाबा गावाला म्हणून फाटकातच थांबले. "काय मॅडम, किती?" मी म्हटलं, चार. ते खूश होऊन गेले.

बाबा परतले तो रविवार. काकांनाही बोलावलेलं होतं. बाबांनी नवा सदरा घातला होता. न्हाणीचं दार उघडलं आणि दोघांनाही आत जायच्या आधीच कळलं. मी दाराशी उभी होते. असा आंबट, नाकात जाणारा वास. शेजाऱ्यांना जे सांगत होतो तेच झालं होतं, अख्खा बुधला. बाबांनी चमच्यानं चाखलं, काकांनी चाखलं. मग बाबांनी वही मागितली. बोट फिरवत सगळे आकडे वाचले, शेवटच्या दिवसापर्यंत. वहीत काहीच चुकलेलं नव्हतं. ते बुचाकडे वाकले, मेण नखानं उचकटलं. ते सहज सुटून आलं.

"हे मेण कुणी लावलं?"

"म्याच लावलं, सर."

आमच्याकडे लोणचं नासलं की पहिला प्रश्न एकच असतो. आईनं तो स्वयंपाकघरातून विचारला, फार मोठ्यानं नाही, पण ऐकू येईल इतका: "हात कुणाचा लागला होता?"

एरवी बाबांनी तिला तिथल्या तिथे गप्प केलं असतं. त्यांनी असल्या बोलण्यावरून सख्ख्या बहिणीशी भांडण केलेलं मी पाहिलं आहे. त्या दिवशी नाही. त्यांच्या एका हातात मेण होतं, दुसऱ्या हातात माझी वही. साळवेकाका क्षणभर बाबांकडे बघत राहिले — मला वाटतं, ते बाबांच्या बोलण्याची वाट बघत होते. मग त्यांनी नळ्या धुतल्या, गुंडाळून फळीवर ठेवल्या, चपला घातल्या. जाताना माझ्याकडे पाहून हसले. मी पिनेला हात लावून उभी होते. एक वाक्य होतं फक्त. मी ते बोलले नाही.

ते पुन्हा आमच्या घरी आले नाहीत. बाबा एकदा दवाखान्यापर्यंत जाऊन बाहेरूनच परत आले. बुधला फुलझाडांना पाणी घालायला ठेवला, जॅक कुणीतरी मागून नेला. बाबांनी पुन्हा कधी काही आंबवलं नाही. मला वाटलं होतं, विसरतील. दोघंही.

दहा वर्षं गेली. विद्यापीठाचं नाव बदललं त्या आठवड्यात स्टेशन रोडवर मिरवणूक होती. मी कॉलेजातून येत होते. गर्दीतून एक पांढऱ्या कपड्यातला माणूस पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्याकडे आला. केस पिकलेले. "मॅडम ना?" त्यांनी पेढा दिला, बाबांची तब्येत विचारली, मी काय शिकते ते विचारलं. मग आवाज खाली आणला.

"ते मेणाचं लय दिस डोक्यात व्हतं बघा. म्या घाई केली आसंल. मेणबत्ती नवी व्हती, नीट धरलं न्हाई. सरांची दोन वर्षं वाया घालवली म्या. त्यास्नी सांगा, माझंच चुकलं व्हतं."

मी म्हणाले, "सांगते, काका."

आणि मी सांगितलं. घरी जाऊन, जेवताना, शब्दन् शब्द. बाबांचा घास हातातच राहिला. मग ते म्हणाले, "स्वतःहून कबूल केलं. एवढा सरळ माणूस, आणि मी जाऊन साधं बोललो नाही त्याच्याशी."

आई म्हणाली, मी तेव्हाच म्हटलं होतं.

मी बाबांना आणखी भात वाढला.