दोह्यात पाहिलेला अझरबैजानी सिनेमा आणि बिनसाखरेचा चहा

मुलाचं लग्न व्हिडिओ कॉलवर ठरवणारी बाई मी नव्हे. म्हणून अमेयनं "आई, लेयलाच्या आईशी ऑनलाइन बोलतेस का?" असं विचारलं, तेव्हा मी सांगलीतून त्याला थेट तिकीट काढायला सांगितलं. अमेय दोह्यात बांधकाम कंपनीत इंजिनिअर आहे. लेयला त्याच्याच ऑफिसातली, मूळची अझरबैजानमधल्या बाकूची. दोघांचं पक्कं होतं, बाकूला जाऊन नोंदणी लग्न करायचंही ठरलं होतं. गाडी अडली होती ती लेयलाच्या आईपाशी. त्या, सेव्दाबाई, तेव्हा लेकीकडे दोह्याला आल्या होत्या; नाही म्हणत नव्हत्या आणि होही म्हणत नव्हत्या.

मुंबईहून दोहा साधारण चार तासांवर आहे. व्हिसाचे नियम बदलत असतात, निघण्याआधी बघून घ्या. जायचं तर हिवाळ्यात जा. मला मधुमेह आहे, त्यामुळे बॅगेत लाडू नव्हते, चिवडा आणि गोळ्या होत्या.

अमेय दोह्याच्या अल थुमामा भागात राहतो. तिथून गाडीनं मेट्रो स्टेशन गाठलं आणि पुढे दोन रियालांत सूक वाकिफ, म्हणजे तिथला जुना बाजार. मसाल्यांचे ढीग पाहून माझा हात आपोआप पिशवीकडे गेला. दुकानदाराशी हिंदीत घासाघीस करून केशर घेतलं. शेवटी माझाच भाव मान्य करून तो हसून म्हणाला, "खलास, माताजी, ले जाओ."

दुसऱ्या संध्याकाळी लेयलानं आम्हाला सिनेमाला नेलं. एका सभागृहात अझरबैजानी चित्रपटांचा आठवडा चालू होता. "आमची माणसं कळायला हवी असतील तर आधी हे बघा," ती इंग्रजीत म्हणाली. शाल न्या, एसी हाडं गोठवतो.

पहिला चित्रपट समुद्रातल्या तेलविहिरीवर काम करणाऱ्या मुलाचा होता. वादळात बोट येत नाही आणि बाप धक्क्यावर रोज येऊन उभा राहतो. दोघांत तीनच वाक्यं असतील, पण माझा रुमाल ओला झाला. लेयला म्हणाली की तेल, समुद्र, युद्धात हरवलेली माणसं आणि लग्नं यांच्याभोवती त्यांच्या खूप गोष्टी फिरतात. दुसरा लग्नाचाच होता. मुलाकडची मंडळी मागणी घालायला येतात. मुलीचा बाप हवापाण्याबद्दल बोलत बसतो आणि सगळ्यांचा जीव टांगणीला. मग आतून चहा येतो. लेयला कुजबुजली, "चहात साखर ढवळलेली असली की होकार. बिनसाखरेचा आला की निघायचं." सिनेमातला चहा गोड निघाला आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.

तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, मी आणि अमेय अबू हमूर भागात लेयलाच्या घरी, सेव्दाबाईंना भेटायला निघालो. तिकडे गाडीशिवाय चालत नाही. टॅक्सीवाला बीडचा निघाला. माझ्या नऊवारीकडे बघून म्हणाला, "मावशी, पोरगी बघाय चाललाव का?" म्हटलं, "नाही रे बाबा, आज मलाच बघणार आहेत."

सेव्दाबाई उंच, शांत बाई. बोलणं लेयलामार्फत. इकडचं तिकडचं झालं आणि मग त्यांनी सरळ विचारलं, "माझी एकच मुलगी आहे. तुम्ही तिला लांब घेऊन जाल का?" मला धक्क्यावरचा तो बाप आठवला. म्हटलं, "तिला हवं तिथं ती राहील. आणि सुट्टीत आधी तुमच्याकडे येतील, मग माझ्याकडे. मी शब्द देते." त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या.

कमरेत बारीक अशा काचेच्या छोट्या पेल्यांतून चहा आला. मी घोट घेतला. फिका! साखरेचा कण नाही. म्हणजे नकार. पण हार मानणं स्वभावात नाही. साखरेच्या वाटीकडे बोट दाखवून म्हटलं, "सेव्दाबाई, साखर."

त्यांनी वाटी चटकन उचलून मागे घेतली. "नो, नो!"

मग माझा बांध फुटला. "अहो, आमच्यात काय कमी आहे ते तरी सांगा!" मी मराठीतच बोलले, आणि रडूही आलं.

अमेयला ठसका लागला. "आई, अगं, तुझी शुगर वाढते म्हणून मीच लेयलाला सांगितलं होतं, आईला साखर अजिबात नको!"

लेयलानं सगळं आईला समजावलं. सेव्दाबाईंनी कपाळावर हात मारला आणि भराभर बोलल्या. लेयलानं सांगितलं, "आई म्हणते, बाकी सगळ्या पेल्यांत तिनं स्वतः साखर ढवळलीय. फक्त तुमचाच बिनसाखरेचा ठेवला, तुमच्या तब्येतीसाठी."

मी अमेयचा पेला ओढून चाखला. गोडमिट्ट!

"मग माझ्यातही हवी," मी म्हटलं. "होकार काय एकट्या मुलाला?"

सेव्दाबाईंनी अमेयकडे पाहिलं. त्यानं मान डोलावली. त्यांनी साखरेचा एक खडा टाकला, सावकाश ढवळला आणि पेला दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले आणि त्यांना मिठी मारून म्हटलं, "विहीणबाई!" हा शब्द त्यांनी दोन-तीनदा म्हणून बघितला.

आता सांगलीत परत आलेय. केशर डब्यात आहे, सूकचे फोटो शेजारणींना दाखवून झाले. पण मनात राहिलाय तो लग्नाचा सिनेमा. तो पाहिला नसता तर बिनसाखरेच्या चहानं मी घाबरले नसते हे खरं. पण मग त्या एका खड्याची किंमतही कळली नसती.

काल रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "काकू, तिकडे जाऊन काय खाल्लंत?"

"खाल्लं नाही, डॉक्टर," मी म्हटलं. "होकार प्यायले."