माल हलका आहे

उधन्यात एका जुन्या लूमच्या शेडमध्ये आमची एअर पिस्तुलाची रेंज आहे. दर रविवारी तिथे एक गृहस्थ भेटतात. नाव मी कधी विचारलं नाही, सगळे अण्णाच म्हणतात. आठवडाभर हिरे पारखल्याचा थकवा डोळ्यांत घेऊनच येतात, पण आल्याआल्या नेम धरत नाहीत. आधी छर्ऱ्यांचा डबा उघडतात. एकेक छर्रा हिरे तोलायच्या काट्यावर तोलतात, काचेवर घरंगळवून बघतात आणि अर्धे नापास करून बाजूला काढतात. बघणाऱ्याला कंटाळा येतो.

मग पिस्तूल उचलतात. हात थरथरतो, कागदावर भोकं विखुरतात.

"माल हलका आहे, भाऊ," म्हणतात, आणि पुढच्या रविवारी दुसऱ्या कंपनीचा डबा आणतात. थरथर आम्हा सगळ्यांनाच दिसते. बोलत कुणी नाही.

परवा त्यांनी निवडलेले छर्रे माझ्यापुढे ठेवले. "माझ्याच पिस्तुलानं मार. बघू दे."

पहिले दोन मधोमध, एकाच भोकातून गेले. मागे पाहिलं तर अण्णा स्वतःच्या हाताकडे बघत होते. पुढचे तीन मी मुद्दाम बाहेर मारले आणि म्हणालो, "खरंच अण्णा, माल बरोबर नाही."

त्यांनी कागद काढून बराच वेळ पाहिला. मधल्या भोकावर अंगठा ठेवला.

"तू इतकं वाईट कधी मारत नाहीस रे," ते हळूच म्हणाले.

मग काटा पेटीत ठेवला, बाजूला काढलेल्या ढिगातला एक छर्रा उचलला आणि न तोलता पिस्तुलात भरला.