चौथी मेणबत्ती हिरवी

"आज काडी नाही."

"पण पप्पा, मी दप्तर जागेवर ठेवलं."

"दप्तर कुणाचं? तुझंच ना? उद्या म्हणशील, मी जेवलो, द्या काडी. आधी काम, मग काडी."

हे मी भिंतीपलीकडून ऐकलं. हातात ओला टॉवेल होता. तो दोरीवर टाकायचा सोडून मी तशीच उभी राहिले. इथे हिंदी मुलखात, खातीपुऱ्यातल्या आमच्या घरमालकांनी एका घराची दोन बिऱ्हाडं केली तेव्हा मागच्या चौकात मधोमध भिंत घातली, पण डोक्याएवढीच. त्यामुळे पलीकडच्या स्वयंपाकघरात कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या तेही आम्हाला कळायचं. मी मुद्दाम ऐकत नसे, असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी ऐकायचे. मला बोलायला जमत नाही, ऐकायला छान जमतं.

मालगाडी जाताना तुम्ही कधी शेवटच्या डब्याकडे पाहिलंय का? इंजिनाकडे सगळेच बघतात. शेवटच्या डब्यात पांढऱ्या गणवेशातला एक माणूस हिरवा झेंडा धरून उभा असतो. आमचे शेजारी तेच काम करायचे, गार्डचं. मूळचे नगरकडचे, ख्रिस्ती. पस्तिशी ओलांडलेले, उंच, किंचित पोक काढून चालणारे. कुठलंही काम सुरू करण्याआधी मनगटावरचं घड्याळ बघायचे आणि उजवा हात झेंडा धरल्यासारखा वर करायचे. मुलांना शाळेत सोडायला निघताना, कुकर गॅसवर चढवताना, अगदी रुथीच्या केसांना तेल लावतानाही. रुथी त्यांची धाकटी, तेव्हा तीन वर्षांची. थोरला सम्या साडेपाचचा.

त्या डिसेंबरमध्ये घरात हे तिघंच होते. मुलांची आई ऑगस्टमध्ये तापाने गेली. पाच दिवसांत.

काडी म्हणजे काय ते मला आदल्या वर्षी कळलं होतं, मुलांच्या आईकडून. नाताळाच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ, येशूच्या येण्याची वाट बघण्याचे दिवस. त्या दिवसांत पितळी परातीत मोरपंखीच्या फांद्या गोल मांडून मध्ये चार मेणबत्त्या उभ्या करायच्या. पहिल्या रविवारी एक लावायची, दुसऱ्या रविवारी दोन, असं चौथ्यापर्यंत. शेजारी मोजड्यांचं रिकामं खोकं. ती येशूबाळाची गव्हाणी. मुलांनी दुसऱ्या कुणासाठी काही चांगलं केलं की त्या खोक्यात वाळक्या गवताची एक काडी टाकायची. नाताळापर्यंत अंथरूण मऊ झालं पाहिजे. त्यांनी हे मला भिंतीवरून सांगितलं, करंज्यांची बशी देता देता. मी मान हलवली. मी काही विचारलं नाही याचं त्यांना काही वाटलं नसावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा हाक मारली.

त्या गेल्यानंतर यंदा हे सगळं होणार नाही असं आम्ही गृहीत धरलं होतं. आई म्हणाली, "एकटा माणूस, त्यात मालगाडीची ड्यूटी. काय काय करणार?"

त्यांनी सगळं केलं. आणि जवळजवळ सगळंच चुकलं.

गवत आणायला ते गोशाळेजवळ गेले. तिथे बायका रस्त्याच्या कडेला गायींसाठी चाऱ्याच्या पेंढ्या विकत बसतात. त्यांनी हिरवागार रजका, म्हणजे आपला लसूणघास, आणला, दिसायला सुंदर. चार दिवसांत खोक्याला वास यायला लागला. रुथी नाक धरून रडत होती, "बाळाचं अंथरूण गंदा झालं." त्यांनी खोकं उन्हात ठेवलं, तर मोकाट गाय फाटकातून मान घालून निम्मं खाऊन गेली. सम्याने गळा काढला. मग घड्याळ बघून, हात वर करून, ते परत सायकलवर बसले आणि गव्हाच्या काडाची जुडी घेऊन आले. मुलांच्या जितक्या काड्या झाल्या होत्या तितक्या मोजून खोक्यात घातल्या. एक जास्त नाही.

"पप्पा, एक तुमची टाका," सम्या म्हणाला. "तुम्ही रात्री गाडी नेली ना."

"त्याचा मला पगार मिळतो. काडी नाही मिळत."

मेणबत्त्यांची तर मोठीच गंमत. दुकानात आगमनकाळाच्या जांभळ्या मिळाल्या नाहीत, दिवाळीच्या उरलेल्यांतून त्यांनी चार उचलल्या. परातीत मांडल्या तेव्हा सम्या बघतच राहिला. एक लाल, दोन पिवळ्या, एक हिरवी.

"पप्पा, ये तो सिग्नल है."

"मराठीत."

"हा तर सिग्नल आहे."

मग ते स्वतःशीच हसले असावेत. "असू दे. रंग चुकले, क्रम नाही चुकायचा. हिरवी शेवटी."

करंज्यांच्या वेळी आईला राहवलं नाही. तेलात फुटलेल्या करंजीचा वास भिंत ओलांडून आला तशी ती पलीकडे गेली. "भाऊ, सारण किती भरताय? आणि कडा दुधाचा हात लावून मिटवा." त्यांनी ते खिशातल्या वहीत वेळ घालून लिहिलं, गाडीची नोंद करतात तसं. आई म्हणाली, "यंदा सोडून दिलं असतंत तरी चाललं असतं. आम्ही दिल्या असत्या." ते म्हणाले, "चाललं असतं, वहिनी. पण मग पुढच्या वर्षीही चाललं असतं. रुथीला आत्ताच तिची मम्मी फोटोत दाखवावी लागते."

मला हे वाक्य विसरता आलं नाही. कारण त्याच आठवड्यात ओळींचा प्रश्न निघाला.

मेणबत्ती लावताना मुलांची आई एकेक ओळ म्हणायची. स्वतः जुळवलेल्या, साध्या. ती म्हणायची तेव्हा हे बहुतेक गाडीवर असायचे, त्यामुळे यांना त्या येत नव्हत्या. सम्याला तीन येत होत्या. पहिली आशेची, येणारा येणारच. दुसरी शांतीची, आता भांडायचं नाही. तिसरी आनंदाची, आता हसायचं. चौथी त्याला आठवेना.

"लांब होती," तो सांगत होता. "मम्मी हळू म्हणाली. मला बुखार होता."

त्यांनी नगरला मेहुणीला फोन केला. तिला अशा काही ओळी असतात हेच माहीत नव्हतं. पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, चौथी प्रीतीची असते. मग यांनी स्वतः जुळवली, "चौथी प्रीतीची, सर्वांवर प्रीती करायची."

"नहीं, पप्पा."

"मराठीत."

"नाही, पप्पा. अशी नव्हती."

"बरं. शोधू."

ती ओळ मला येत होती.

आदल्या वर्षीच्या चौथ्या रविवारी सम्या तापाने त्याच्या आईच्या खांद्यावर ग्लानीत होता, रुथी जेमतेम दोनची. त्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभ्या होत्या. मी भिंतीअलीकडे, तुळशीच्या कुंडीपाशी. त्यांनी ती ओळ म्हटली आणि मी ती शब्दन् शब्द ऐकली. जगात ती ओळ आता फक्त मला माहीत होती.

तुम्ही म्हणाल, मग सांगायची ना. मीही रोज स्वतःला तेच म्हणायचे, सीतापुऱ्याच्या बसमध्ये, जाताना आणि येताना. तिथे एका एक्स्पोर्ट कंपनीत मी तयार कपड्यांमधल्या चुका शोधते. टाका सुटलेला, छपाई सरकलेली. बोट ठेवून दाखवायचं, बोलायची गरज नसते. पण ही ओळ बोट ठेवून दाखवता येणार नव्हती. ती त्यांच्याबद्दलच होती. एका बाईने नवऱ्यासाठी, तो घरात नसताना, हळू आवाजात म्हटलेली. ती चोरून ऐकली हे आधी कबूल करायचं, आणि मग ती त्याच माणसाला तोंडावर म्हणून दाखवायची. चार शब्द सरळ बोलताना माझी कानशिलं गरम होतात. मी त्यांना कधी हाकही मारली नव्हती. काका म्हणावं एवढे ते मोठे नव्हते, आणि दादा म्हणायचा धीर नव्हता.

तो डिसेंबर मी गप्प बसून काढला. हिरवी मेणबत्ती ओळीशिवाय पेटली.

पुढच्या वर्षी त्यांनी नोव्हेंबरातच गवत आणलं, वाळकं. करंजी एकही फुटली नाही. जांभळ्या मेणबत्त्या कुठूनतरी मिळवल्या होत्या, पण मुलांनी ऐकलं नाही, त्यांना सिग्नलच हवा होता. आई करंज्यांना मदत करत होती आणि मी आमच्या चौकात कपड्यांच्या घड्या घालत होते.

"वहिनी, तुमच्या लेकीचा सिग्नल कायम लालच का हो?"

"अहो, शाळेत इंग्रजी, बाहेर हिंदी, घरी मराठी. तिन्हीत गप्प."

आईला हसायला आलं. ते हसले नाहीत. "असू दे. लाल सिग्नलला थांबून राहायचं असतं. चिडायचं नसतं," म्हणाले, आणि कातण फिरवायला लागले.

आज त्या बाजूला दुसरं बिऱ्हाड आहे. गेल्या जूनमध्ये त्यांना दौंडला विनंती बदली मिळाली, मुलांची मावशी जवळ म्हणून. नव्या लोकांनी स्वयंपाकघराच्या खिडकीत कूलर बसवला आहे. चौकात उभं राहिलं तर आता फक्त त्याची घरघर येते. जाताना ते आईबाबांच्या पाया पडले, मला म्हणाले, "येतो, ताई," आणि टेम्पो हलला तेव्हा मागच्या फळीपाशी उभे राहून त्यांनी हात वर केला. मला मात्र ते आठवतात ते त्या दुसऱ्या वर्षीच्या चौथ्या रविवारी, दारात उभे असलेले.

आईबाबा तिलक नगरला बाबांच्या जुन्या सहकाऱ्यांकडे गेले होते. साडेसहाला आमची कडी वाजली. ते पूर्ण गणवेशात होते.

"ताई, ड्यूटीचा कॉल आला. मुलांजवळ थांबणाऱ्या बाई आठला येतात. दीड तास बसाल का? नुसतं बसायचं. बोलायचं नाही काही."

मी मान हलवली आणि चपला घातल्या.

मी त्या घरात पहिल्यांदाच जात होते. आवाजावरून मला ते सगळं पाठ होतं, तरी दिसायला लहान निघालं. टेबलावर परात, मोरपंखीच्या फांद्या, खोक्यात काठापर्यंत गवत. भिंतीवर मुलांच्या आईचा फोटो. त्यांनी तीन मेणबत्त्या लावल्या, सम्याने तीन ओळी म्हटल्या. मग त्यांनी काडेपेटी माझ्यापुढे ठेवली.

"चौथी तुम्ही लावा. मला निघायला हवं. ओळ अजून सापडली नाही, पण नुसती लावली तरी उजेड तेवढाच पडतो." सम्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पुढच्या वर्षी नक्की."

"पिछले साल भी यही बोले थे," सम्या म्हणाला.

या वेळी ते "मराठीत" म्हणाले नाहीत. बॅग उचलली. झेंडे बॅगेच्या बाजूच्या कप्प्यातून बाहेर आलेले होते, एक लाल, एक हिरवा. ते दाराकडे वळले.

रुथीने खोक्यातून एक काडी काढून माझ्या हातात दिली. घरी आलेल्या माणसाला काहीतरी द्यायचं एवढंच तिला ठाऊक. सम्याने ती लगेच काढून घेतली.

"अभी नहीं," त्याने मला समजावलं, अगदी त्यांच्याच आवाजात. "आधी काम, मग काडी."

मी काडेपेटी उचलली. पहिली काडी ओढताना मोडली. दुसरी पेटली.

"दादा, थांबा."

ते थांबले. घड्याळ बघितलं नाही.

"ती ओळ मला माहीत आहे. त्या वर्षी मी भिंतीपलीकडे होते, मी ऐकली. तुम्ही गाडीवर होतात. मी गेल्या वर्षीच सांगायला हवी होती."

त्यांनी बॅग खाली ठेवली. सम्या खुर्चीवर चढून उभा राहिला. मी हिरव्या मेणबत्तीच्या वातीला काडी लावली. माझी कानशिलं तापली होती आणि आवाज मुलांच्या आईसारखा हळू निघत नव्हता, मोठा निघत होता, सगळ्या घराला ऐकू जाईल इतका. पण शब्द मी एकही बदलला नाही.

"चौथी प्रीतीची, म्हणजे पप्पांची. ते आत्ता कुठल्या स्टेशनाबाहेर उभे आहेत मला माहीत नाही. देवा, तुला माहीत आहे. त्यांचा सिग्नल हिरवा होऊ दे आणि त्यांना घरी आण."