लाइन मोकळी करणारी तारवाली

आमच्या गल्लीत तिला सगळे तारवाली म्हणतात. पूर्वी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कॉल जोडून द्यायची. तिथे यंत्रं आली तेव्हा रडत बसली नाही, सरळ कॉम्प्युटर शिकली, आणि आता घरोघरी जाऊन ते दुरुस्त करते. दारात पाऊल टाकलं की चप्पल काढायच्या आधी विचारणार, "कोणी कोणी हात लावलाय?" भल्याभल्यांचे चेहरे पडतात. मला ती फार आवडते.

त्या दिवशी मीच तिला बोलावलं. आमचा कॉम्प्युटर मनाला येईल तेव्हा घरच्याच फोनच्या लाइनवरून आपोआप इंटरनेटला फोन लावायचा. रिसीव्हर उचलावा तर कानात किंचाळी! इकडे लेकीचे दिवस भरत आलेले, आणि ती परगावी. न विचारता लग्न केलं म्हणून यांनी तिच्याशी बोलणंच टाकलेलं. आमचा फोन सारखा एंगेज लागतो म्हणून शेवटी तिने शेजारणीकडे फोन करून विचारलं, "बाबांनी रिसीव्हर काढून ठेवलाय का?" यांना जसंच्या तसं ऐकवलं, तर यांनी पेपर तोंडासमोर धरला.

"व्हायरस असेल," तारवाली आल्यावर हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

"काका, तुम्ही पेपर वाचा." तिने भिंतीतली फोनची वायर उपटली आणि कॉम्प्युटर चालू केला. "आता बोंबलू दे त्याला. फोन कोण मागतंय तेवढं बघायचं."

थोड्या वेळाने पडद्यावर डायल करायची चौकट आली. बंद केली, पुन्हा आली. मग तिने एकेक प्रोग्रॅम बंद करून बघितला. ईमेलचा बंद केल्यावर चौकट यायची थांबली.

"सापडला चोर! सारखं नवीन पत्र बघत राहा, इंटरनेट नसेल तर फोन लाव, असं याला सांगून ठेवलंय. हे आपोआप होत नाही, काकू. कोणीतरी बसून केलंय."

घरात माणसं दोन. मला तर माउससुद्धा धड धरता येत नाही. मी यांच्याकडे बघितलं. कान लालबुंद!

"पूर्वी ती ईमेल पाठवायची," हे पुटपुटले. "म्हटलं, आलंच एखादं तर..."

अहो, काय म्हणायचं या माणसाला! माझ्यासमोर तिचं नाव काढायचं नाही, चोरून पत्राची वाट बघायची, आणि त्यापायी तिचाच फोन अडवून बसायचं. मला संतापही आला आणि रडूही फुटलं.

तारवालीने ईमेलच्या प्रोग्रॅममधली त्या सूचनेपुढची टिकची खूण काढून टाकली, वायर परत बसवली, रिसीव्हर कानाला लावून बघितला आणि आमच्या दोघांच्या मध्ये धरला. "लाइन मोकळी आहे. कोण करतंय फोन?"

मी हात पुढे केला, पण यांनी आधीच घेतला. मी नंबर सांगायला तोंड उघडलं, तर यांचं बोट भराभर बटणांवर चाललं होतं.

"मी बोलतोय," हे घसा खाकरत म्हणाले. "काढून ठेवला नव्हता गं."